निरोप्या बाहेरच राहतो

रात्री अडीचला आणला त्याला, मंदसौरकडच्या जीपमधून.
भेरूलाल, वय अठ्ठावन्न.
बाहुल्या राईएवढ्याही नाहीत,
श्वास मिनिटाला पाच.
मुलगा सांगत होता, गुडघे दुखतात हो यांचे,
म्हणून थोडीशी. रोजचीच. आज जास्त झाली.

इंदुरात आम्हाला अफूची बोंडं
माणसाच्या डोळ्यांतच ओळखू येतात.

ॲम्प्यूल फोडताना टोकेकर मॅडम आठवतात.
पेशीची भिंत काढायच्या फळ्यावर, फुलक्यासारखी दुपदरी,
आणि म्हणायच्या, मुलींनो, आत कोणी जात नाही.
रेणू येतो, ओसरीतल्या खुंटीवर टेकतो.
खुंटी भिंतीतून आरपार गेलेली.
बाहेर भार पडला की आतलं टोक हलतं
आणि आत कोणीतरी दिवा बारीक करतं.
निरोप आत जातो,
निरोप्या बाहेरच राहतो.

ती खुंटी अफूसाठी ठोकलेली नव्हती.
शरीर स्वतःच गाळतं आपली थोडी अफू,
ठेच लागल्यावर, बाळंतपणात,
पुरेल न पुरेल एवढीच.
माळव्यातल्या एका फुलाच्या चिकाला
आमच्या घरातली ही खूण कशी ठाऊक,
ते मॅडमनाही सांगता आलं नाही.

आणि रोजच कोणी येऊन टेकू लागलं
तर पेशी खुंट्या आत ओढून घेते.
मग तोच निरोप ओरडून द्यावा लागतो.
भेरूलाल दहा वर्षं ओरडत होता.

मी औषध शिरेत सोडलं.
हे औषध काही बोलत नाही.
येतं, अफूला खुंटीवरून ढकलतं
आणि तिथं गप्प बसून राहतं,
पंगतीत जागा अडवून बसलेल्या,
न जेवणाऱ्या मामासारखं.

दोन मिनिटांत भेरूलाल उठला
आणि पहिली शिवी मला दिली.
दुखणी सगळी एकदम परत आली होती,
गुडघे, दाढ, कुठली कुठली.
मुलगा रडता रडता हसला.

पण मामा लवकर उठतो.
अफू अजून दाराशीच घुटमळत असते.
म्हणून स्टूल ओढून बसले,
एक डोळा घड्याळावर, एक त्याच्या छातीवर.
चौदा. बारा. अकरा.
बाहेर पोह्यांच्या पातेल्याखाली कोणी शेगडी पेटवली.
नऊ.
मुलगा म्हणाला, दीदी, झोपू द्या की आता त्यांना,
किती शांत झोपलेत.

मी दुसरी ॲम्प्यूल उचलली.