हात ल्हान कर

कुडचड्याला, खाणीच्या कॉलनीत
एकच टेनिस कोर्ट होतं, तांबड्या मातीचं, साहेबांचं.
मी आधी चेंडू वेचणारा पोर,
मग वजनकाट्यावरचा कारकून,
आणि संध्याकाळी चौथा भिडू कमी पडला
तरच खेळाडू.
मोजे एकदा तांबडे झाले ते झालेच.

खाण थांबली. साहेब गेले.
जाळं कुणीतरी दोडक्याच्या मांडवावर चढवलं.
माझ्याकडे उरला एक फोरहँड,
लग्नात आलेल्या मोठ्या पातेल्यासारखा,
घरात कुठंच न मावणारा.

म्हणून गुरुवारी चॅपलमागच्या हॉलात जातो.
हिरवं टेबल, त्याचा एक पाय विटेवर.
पंखा बंद, मे महिन्यातसुद्धा,
नाहीतर चेंडू स्वतःच्या मनानं जातो.
पलीकडे इनास मेस्त, शिंपी, वय एकोणसत्तर,
मापाची टेप गळ्यातच विसरलेला.

पहिला महिना मी इतका मागे उभा राहायचो
की पाठ खुर्च्यांच्या थप्पीला लागायची.
खांद्यातून निघालेला हात
येताना अख्खं कोर्ट ओढून आणायचा
आणि तो एवढासा, श्वासानं हलणारा चेंडू
थेट वाशांत.
इनास शिडी आणायचा. गप्प.
चौथ्यांदा शिडीवरूनच म्हणाला,
"हात ल्हान कर, पात्रांव."

पात्रांव! मला आजवर
कुणी म्हटलं नव्हतं.

पण हात लहान करायचा कसा?
घरी भात कालवताना बघितलं,
कुलूप उघडताना बघितलं.
इनास म्हणे, सुईत दोरा ओवताना
कुणाचा खांदा येतो का मधे?

मग टाकत गेलो. आधी खांदा.
मग मागे लांबवर नेलेला तो रुबाब.
खालून वर घासणं तेवढं ठेवलं,
तेच, फक्त बशीएवढ्या जागेत.
काप मारणंही ठेवलं. इनासला आवडत नाही,
म्हणून जरा जास्तच.

आणि एक गोष्ट निघाली
जी माझ्याकडे आहे हे मलाच ठाऊक नव्हतं:
समोरच्यानं मारायच्या क्षणभर आधी
टाचा सुटतात, अंग हलकं होतं,
उडी म्हणावी तर उडीही नाही.
ती साहेबांनी शिकवलेली नव्हे.
जाळ्याच्या खांबाशी उकिडवं बसून
कुठं धावायचं ते ठाऊक नसतानाच
धावायला तयार असायची सवय.

तिच्या जोरावर काल नऊ-अकरापर्यंत आलो.
हरलोच. पण नऊ.
इनासनं गळ्यातली टेप काढली,
मला पुन्हा तसाच हात फिरवायला लावला
आणि कोपरापाशी धरून मापलं.
"अजून दोन इंच कापूंक जाय," म्हणाला,
जसं काही पँटच शिवायला टाकलीय मी.

घरी येऊन मोजे काढले.
पांढरेच होते.
धुवायला टाकावेत की नाही, कळेना.