दोन रिकामी भोकं

मिठागराच्या कडेला राहिलं की
लोखंडाचं वय वेगळं मोजावं लागतं.
आमची स्टार्लेट सत्त्याण्णवची,
म्हणजे इथल्या हिशेबानं शंभरी ओलांडलेली.
आवैरोच्या खाडीवरून वारा येतो तो खातच येतो:
बिजागऱ्या, सायकलच्या साखळ्या, फाटकाची कडी.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मीठ मात्र जे खातं, त्याला कधी जागलेलं नाही.

तपासणीच्या कागदावर फुली आली, पुढच्या ब्रेकवर.
गॅरेजवाल्या आदेलिनोनं आकडा सांगितला.
एवढ्यात दुसरी गाडी येईल, मी म्हटलं.
तो म्हणाला, ही तर येईलच, देओलिंदा, वर जेवणही.

म्हणून शनिवारी, अंगणात, मी आणि जॅक.
बाबा खुर्चीत, मांडीवर हत्यारांचा डबा
लेकरासारखा धरून.
चाळीस वर्षं बोटींची इंजिनं उघडली त्यांनी.
आता कपातली कॉफी बशीत सांडते,
म्हणून हात डब्यावर दाबून ठेवतात.
"नट आधी सैल कर, चाक जमिनीवर असताना!"
केलेत, बाबा.
"कॅलिपर नळीवर लोंबू देऊ नकोस!"
तारेनं बांधलाय, बाबा.
कानातलं यंत्र घरात राहिलंय,
त्यामुळे माझं उत्तर त्यांच्यापर्यंत पोचत नाही
आणि त्यांची सूचना चार घरं ऐकतात.

डिस्क निघेना.
हातोडा मारला, फिरवून मारला,
तेल सोडलं, वाट पाहिली, पुन्हा मारला.
गंजाचे पापुद्रे केसांत, दातांत.
शेजारची एर्मिंदा कपडे वाळत घालता घालता
दोनदा क्रूस करून गेली.
बाबा म्हणाले, मोठा हातोडा आण.
तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी
खडीत बसले आणि काही वेळ
तिच्याकडे नुसतं पाहत राहिले.

चार नटांच्या मध्ये, समोरासमोर,
दोन बारकी भोकं. गंजानं बुजलेली.
इतकी वर्षं ती तिथे, कशाला, कुणी विचारलं नाही.
खिळ्यानं कोरली तर आत आटे निघाले,
कोरे, कालच पाडल्यासारखे.
दोन बोल्ट शोधले. एकाला पाव फेरा, दुसऱ्याला पाव.
पुन्हा पहिल्याला.
जोर असा नव्हताच लागत.
मग आतून काहीतरी ठाण्णकन सुटलं,
मांजर भिंतीवरून पळालं,
आणि सत्तावीस वर्षं चिकटलेलं जडशीळ वर्तुळ
माझ्या मांडीवर आलं.

बनवणाऱ्यानं आधीच धरलं होतं की हे अडकेल.
अडकेल तेव्हा कुणीतरी असं
खडीत बसलेलं असेल.

बाबांनी ऐकलं नाही, पण पाहिलं.
"हे मला माहीत नव्हतं," म्हणाले,
एकदम हळू. घरातल्या आवाजात.
बोटींना डिस्क नसते, मी म्हटलं.

पहिलं चाक पाच तास, दुसरं चाळीस मिनिटं.
नव्या डिस्कचं तेल पुसलं,
पिस्टन मागे रेटला, पॅड बसवले.
निघण्याआधी पेडल दाबलं, पहिल्यांदा थेट तळाला गेलं,
दुसऱ्यांदा अर्ध्यात, चौथ्यांदा
खालून कुणी तळवा लावल्यासारखं घट्ट.

बाबा बाजूला बसले. ती जागा आता त्यांची,
परवाना गेला त्याला दोन वर्षं झाली.
पुलाच्या उतारावर, मिठाचे ढीग दिसायला लागले तिथे,
मी हलकेच दाबलं.
गाडी कुरकुरली नाही, ओढली नाही,
सरळ मंदावत गेली.

त्यांचा उजवा पाय
माझ्या आधी अर्धा क्षण
चटईत रुतला होता.
त्या बाजूच्या रबराला, टाचेच्या पुढे,
भोक पडत आलंय.