बिसी

बॉनेटवर तळवा ठेवून गुरसिद्धण्णा म्हणाला, "बिसी."
एवढंच.
उद्यमबागेत आम्ही हा शब्द चहाला लावतो,
भट्टीतून निघालेल्या कास्टिंगला लावतो.
विकाऊ गाडीला लागला की सौदा तिथंच थांबतो.
तापलेलं इंजिन खोटं बोलतं, तो सांगतो.
पहिल्या तीन सेकंदांची खडखड, निळा धूर,
रात्रभर तेल उतरून कोरड्या पडलेल्या चेनची कुरकुर,
सगळं गिळून शहाण्यासारखं गुणगुणत बसतं.

कँपात, मिनेझिस साहेबांच्या चिंचेखाली उभी होती ती.
दोन सीटची, गोवा पासिंग, कापडी छपराची,
रंग वांग्याचा, देठाजवळ असतो तसा.
साहेब जहाजावर चीफ इंजिनिअर होते.
तीन मजली इंजिनं राखली त्यांनी,
अजून माणसाशी शिडीवरून बोलतात.
"कालच तेल बदललंय."
"उद्या येतो सर. खरं, थंड ठेवा."

उद्या सातला गेलो. बिसी.
परवा सहाला. बिसी.
घरी मी सांगत होते, टेम्पो बघायला जाते.
"काहीतरी लपवायलाय म्हातारा,"
गुरसिद्धण्णा लुनावर किक मारत म्हणाला,
"सोड की. दुसरी बघू."

चौथ्या दिवशी पावणेपाचलाच गेलो, न सांगता.
रस्त्यावर धुकं. धुक्यात साहेब, पायजम्यात,
एका बाजूला दूधवाला भैरू, एका बाजूला पेपरचं पोर,
तिघं मिळून उतारावर गाडी ढकलताहेत.
आत स्टिअरिंगवर मिसेस मिनेझिस,
नाइटगाऊनवर स्वेटर, पाय क्लचवर.
"सोड गो!" साहेब ओरडले.
गाडीनं आचका दिला आणि
सगळ्या कँपाची कुत्री जागी झाली.

मग दिसलो आम्ही.
साहेब शिडीवरून उतरले.
"बॅटरी रात्रीत बसते. नवी घातली, तीही बसली.
जन्म इंजिनरूममध्ये गेला माझा.
गिऱ्हाइकासमोर ढकलू कसा?"

गुरसिद्धण्णा काही बोलला नाही.
ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचललं, पिळलं.
पाणी.
छप्पर दुमडतं त्या कोपऱ्यात तांब्याची तार घातली,
फिरवली, ओढली,
आणि काळ्या चिखलात गुंडाळलेला
दोन-तीन वर्षांचा चिंचेचा पाला बाहेर आला.
पाल्यानं बुजवली पाण्याची वाट,
पाणी गेलं सीटखाली,
सीटखाली कंट्रोलचा डबा,
भिजला डबा रात्रभर झोपेना,
जागा राहून बॅटरी पिऊ लागला.
"झाड विकणार काय सर, गाडीसोबत?"
साहेब तेव्हा पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या दिवशी आमच्या टेम्पोच्या बॅटरीवर
ती थंड चालू झाली, आणि खरं बोलली.
चेन खडखडली, सेकंदांपेक्षा जास्तच.
दुसरा गिअर दात खात पडला.
दाराखालच्या पट्टीत समुद्र शिरला होता,
स्क्रूड्रायव्हर बिस्किटात जावा तसा गेला.
मग प्लग काढून एकेका सिलिंडरला घड्याळ लावलं.
एकशे ऐंशी. एकशे अठ्ठ्याहत्तर.
तिसरा एकशे तीस.
पुढचे तीनही ठीक, पण मी तिसऱ्यावरच अडकले.
"दम कमी आहे ह्याचा," गुरसिद्धण्णा म्हणाला,
आणि माझ्याकडे बघितलं त्यानं,
कारण चेन जर्मनीहून येणार, डबा दुबईहून,
पत्रा कोल्हापुरात कुणीतरी करणार,
हे एवढं एक माझ्या शेडमधलं.
बारा वर्षं मी लोकांच्या ट्रॅक्टरांची बोअर करते,
मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शावर भांडते.

आकडा साहेबांनीच कमी केला, मी न मागता.
मी त्यातला थोडा परत वाढवला.
गुरसिद्धण्णा डोक्याला हात लावून कन्नडमध्ये काहीतरी बोलला,
ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दोर लावून टेम्पोमागं गाडी निघाली तेव्हा
भैरू कॅन खाली ठेवून बघत होता.
"बाई," म्हणाला, "उद्यमबाग लांब पडतंय मला.
खरं, सांगून ठेवा.
ढकलायला लागली तर येतो की."