जिभेला मुंग्या

पुस्तक लिस्बनहून आलेलं.
पहिल्या पानावर सफरचंद, दुसऱ्यावर बर्फ,
तिसऱ्यावर शेकोटीपाशी बसलेलं कुटुंब.
जुरासीबाईंनी ते मिटलं, त्यानंच वारा घेतला
आणि म्हणाल्या, चला,
बेलेंचा धडा बाजारात आहे.

आम्ही तिघंच आलो होतो त्या दिवशी.
मी हैतीची, हॉटेलच्या धुलाईत कामाला.
नासीफ, अलेप्पोचा औषधवाला,
प्रत्येक शब्दाला आधी विचारतो : तो की ती?
आणि लिब्रादा, वाराओंची, ओरिनोकोच्या मुखाकडून आलेली.
ती टोपल्या विणते. वर्गात बोलत नाही.

नदी तो, बाई म्हणाल्या. पाऊस ती.
नासीफनं लिहून घेतलं.
माझ्या क्रिओलमध्ये तो नाही, ती नाही,
सगळे नुसते असतात.

धक्क्यावर उभं राहून भूगोल.
उत्तर-दक्षिण विसरा. वर म्हणजे प्रवाहाच्या वर,
खाली म्हणजे समुद्राकडे.
आणि भरतीला पाणी उलटं फिरतं तेव्हा? नासीफ.
तेव्हा थांबायचं. हॅमॉक बांधायचा.
चार ऋतूंतले दोन खोडा :
इन्वेर्नो म्हणजे पाऊस,
वेरांव म्हणजे जरा कमी पाऊस.
इगारापे म्हणजे झाडांखालून जाणारा ओढा, होडीची वाट.
हा शब्द पोर्तुगीज नव्हेच,
तुपी लोकांकडून उसना आणला,
परत करायचं कुणाला सुचलं नाही.

मग मासे. पिरारुकूचा खवला
माझ्या अंगठ्याएवढा, बाई त्यावर नखं घासतात.
मग आसाई, जांभळी, घट्ट, साखरेशिवाय,
तळलेल्या माशाबरोबर, वर कसाव्याचा जाडा रवा.
साखर मागितलीत तर लोक ओळखतील, बाहेरचे आहात.
मग मानिसोबा : कसाव्याचाच पाला, सात दिवस चुलीवर.
घाई केली तर विष.
बाईंनी हे क्रियापदांच्या तक्त्यासारखं सांगितलं,
अपवाद नाही.

चार वाजता, उकाड्यात, उकळता ताकाका.
वाटी तुंब्याची. कुइया, बाई म्हणाल्या.
कुई, मी म्हणाले, आमच्याकडे कुई!
पिवळा आंबट रस, सुके झिंगे,
तळाशी चिकट, पारदर्शक काहीतरी.
हे काय? गोमा. खळ.
खळ मला कळते. रोज चाळीस चादरींना देते,
पिण्याचं कधी सुचलं नव्हतं.

आणि पानं, जांबूची.
आधी काही नाही. मग ओठ. मग जिभेला मुंग्या,
अख्खं वारूळ.
आता म्हणा, बाई हसल्या.
पांव, पाव. मांव, हात. शांव, जमीन.
नासीफ तीन महिने बांव म्हणत होता.
विक्रेतीनं दुसरी वाटी पुढे केली, घाबरून तो ओरडला,
नांव!
नाही! नाकातून, अगदी बरोबर.
बाजारातल्या दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या.
त्याचे डोळे भरले, तिखटानं असेल.

लिब्रादा मागे राहिली होती.
एका दुकानासमोर, जिथं मिरितीच्या ताडाची
हलकी, रंगवलेली खेळणी टांगलेली : होड्या, साप, तोता.
रंगाकडे तिचं लक्ष नव्हतं. तिनं एक होडी उलटी केली,
जिथं रंग पोचला नव्हता तिथं नख लावलं,
वास घेतला.
ओहिदू, ती म्हणाली.

बाईंना कळलं नाही. पुन्हा?
ओहिदू.
याचं पीठ. याचा दोर. यात झोपतो.
हे तिनं हातांनी सांगितलं, स्पॅनिश आणि बोटं मिळून.
जुरासीबाईंनी वही उघडली,
लिस्बनच्या पुस्तकावर टेकवली,
आणि विचारलं, हे कसं लिहू?
लिब्रादानं खांदे उडवले.
तो की ती? नासीफनं विचारलं.
कुणी उत्तर दिलं नाही, पाऊस आला.

इथले लोक घड्याळ कमी वापरतात.
भेटू या, पावसाआधी की नंतर?
रात्रपाळीला मॅनेजर विचारत आला,
दोनशे चारच्या चादरी कधी होतील.
माझे हात कोपरापर्यंत गोमात,
ओठ अजून माझे नव्हते.
पावसानंतर, मी म्हणाले.
तो बरं म्हणून निघून गेला.
पुन्हा सांग, असं म्हणाला नाही.