नववा प्रश्न

लिमाची ही टेकडी वर्षातले सहा महिने धुक्यात.
आरोग्य केंद्राला नळ नाही, फॉर्म भरपूर.
मी विचारते, गेल्या दोन आठवड्यांत
किती रात्री झोप लागली नाही?
निकासिया म्हणते, थांब,
टँकर कुठल्या वारी आला ते आठवते.

सोमवारी आला नाही.
मंगळवारी पहाटे तीनला आला, म्हणून जागी.
बुधवारी येईल म्हणून जागी.
पिंपाला झाकण नाही, कुत्री तोंड घालतात,
म्हणून ती आणि धाकटा, आळीपाळीनं.

चौकटी चार:
कधीच नाही, काही दिवस, बरेच दिवस, रोज.

भिंतीपलीकडच्या बंगल्यात ती फरशी पुसते.
तिथली बाईही झोपत नाही म्हणे,
पण तिच्या न झोपण्याला डॉक्टर आहे,
दर गुरुवारी चार वाजता,
आणि खिडकीखाली पोहायचा तलाव,
रात्रभर आतून दिवा लावलेला.
"त्यात माझी दोनशे चाळीस पिंपं," निकासिया सांगते.
रागानं नाही. हिशेब केलाय तिनं, पुसता पुसता.

मी 'रोज'वर खूण करते.
तळाशी सल्ला छापलाय: मोकळ्या हवेत चालायला जा.
ती दारातून पायऱ्यांकडे बघते,
चारशे बारा,
आणि आम्ही दोघी इतक्या हसतो
की बाहेरची रांग आत डोकावते.

नववा प्रश्न मी नेहमी
पेन खाली ठेवून, हळू आवाजात विचारते.
तोंड उघडते,
तेवढ्यात खाली हॉर्न.
रांग उठते, निकासिया सगळ्यांच्या पुढे.
माझंही पिंप वर आहे.
मीही धावते.