तफावत आढळल्यास अरबी प्रत ग्राह्य

शारजात, रोल्याच्या मागच्या गल्लीत आमचं ऑफिस.
खाली कॅफेटेरिया, करक चहाचा वास जिन्यापर्यंत.
दारावर उस्ताद खलफान यांचं नाव.
माझं कुठेच नाही.
रत्नागिरीहून एलएलबी होऊन आले,
तेव्हाचा काळा कोट कपाटात आहे, डांबरगोळ्यांसकट.
इथल्या कोर्टात मला उभं राहता येत नाही.
मी शेजारी बसते, भाषांतर करते.
चौदा वर्षं.

जूनमध्ये ते आलं.
उस्ताद त्याला ‘नवा शिकाऊ’ म्हणतात.
शिकाऊ जेवत नाही, नमाजाला उठत नाही,
दाव्याचा मसुदा अकरा सेकंदांत देतो
आणि वर विचारतो, सूर थोडा नरम करू का?
ऑक्टोबरात शमीम सरगुरोह दापोलीला परतली.
जाताना टेबलावरचा स्टेपलर घेऊन गेली.
कुणी काही बोललं नाही.

सरावासाठी मी त्याला जुन्या फायली भरवल्या.
एकाच कंत्राटदाराचे, एकाच साच्यातले करार,
अडतीस माणसं.
तिसऱ्या दिवशी त्याने
कसलाही आवाज न चढवता सांगितलं,
सातव्या कलमात मी ‘मूळ पगार’ लिहीत आलेय,
अरबीत तिथे नुसतं ‘पगार’ आहे.
म्हणजे जेवणाचे, खोलीचे, सगळे धरून.

माणशी साडेतीन-चार हजार दिरहम.
गुणिले अडतीस.
कॅल्क्युलेटर काढला आणि परत ड्रॉवरमध्ये टाकला.
त्या पैशांची कुठल्या गावात कौलं झाली असती,
कुठे बोअर, कुणाची नर्सिंगची फी,
हे शिकाऊला काढता येत नाही.
मलाही.
उस्तादांना सांगितलं.
ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.
खाडीत एक लाकडी गलबत
पाठीवर फ्रिज चढवून घेत होतं.
म्हणाले, मुदत गेली, हेमांगी.
आणि मग, हळू: अरबी मीही वाचली होती.

धाकटी मावसबहीण पुण्याहून विचारते,
लॉ घेऊ का गं? पुढे स्कोप आहे का?
निळी टिक झालीय. उत्तर दिलेलं नाही.

काल यल्लप्पा धोत्रे आला.
सोलापूरचा, शटरिंगचा मिस्त्री.
नखांत सिमेंट, हातात चार पानं,
मोबाइलने लिहून दिलेली, फुकट.
‘वाचून दावा बाई, काय लिवलंय.’
वाचलं. पाच महिन्यांचा पगार, तिकीट, सुट्ट्या.
सातव्या कलमावर माझं बोट थांबलं.
बरोबर होतं.
म्हटलं, चोख आहे सगळं.
मी लिहिलं असतं तर चुकले असते.

तो माझ्याकडे बघत राहिला.
एसीचं पाणी बादलीत पडत होतं,
बादली भरायला आली होती.
मग पानं माझ्यापुढे सरकवून म्हणाला,
‘खाली सही करा.’
माझी सही लागत नाही, यल्लप्पा.
कोर्टाला चालते तशीच.
‘कोर्टाला नगं आसंल.
उद्या हरलो, तर शिव्या कुनाला घालू?
ह्या मोबाइलला?’

हसायला आलं. हसले नाही.
वरपासून खालपर्यंत अरबी, मध्ये मध्ये इंग्रजी,
शेवटच्या पानावर, कोपऱ्यात,
मराठीत लिहिलं: हेमांगी खातू.
लिहिताना ‘तू’चा उकार जरा हलला.
त्याखाली नंबर.

तो घडी घालून जिना उतरला.
मी बादली उचलून मोरीत ओतली.
त्या अडतिसांतल्या कुणी
हा नंबर कधी मागितला नव्हता.

किंवा मागितला असेल,
आणि मी म्हटलं असेल,
ऑफिसच्या नंबरवर करा.