मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे

इतिवृत्त मीच लिहिलं होतं.
बाब क्रमांक सात : कालव्यापलीकडची साडेअकरा एकर,
शेतीतून गोदाम-वापरात बदल.
'एका रहिवाशाने चिंता व्यक्त केली.'
एवढंच. एक ओळ.
कायम करण्यापूर्वी कुणाची हरकत?
असं अध्यक्ष दर महिन्याला विचारतात
आणि कुणाचीच नसते.

माझी आहे.

त्या संध्याकाळी एउफ्रोसिना आली
ती थेट स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांमधून,
गुडघ्यांवर माती, बोटं लाल,
खांद्यावर झोपलेलं पोर.
सभेची नोटीस आम्ही रीतसर लावली होती, कुंपणाला,
इंग्रजीत, महामार्गाकडे तोंड करून.
कुंपणाच्या अलीकडे एकशे चाळीस फिरती घरं,
ज्यांची चाकं केव्हाच विकली गेलीत.
त्यांना सहा आठवडे दिसत होती
नोटिशीची कोरी पाठ.

बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं.
ती बोलायची मिश्तेकमध्ये,
अब्दियास ते स्पॅनिशमध्ये आणायचा,
तिथून ट्रेव्हिन्योबाई इंग्रजीत,
आणि हिरवा दिवा तिघांत मिळून एक.
हिशेब करा. तिच्या वाट्याला एक मिनिट,
त्यातलं अर्धं माईक खाली ओढण्यात.

तिच्या भाषेत, अब्दियासनं मला नंतर सांगितलं,
घराला पोट असतं, पाठ असते,
रस्त्यालासुद्धा चेहरा.
म्हणजे ती म्हणाली होती :
ट्रक आमच्या घरांच्या चेहऱ्यावरून जातील.
अब्दियास म्हणाला : घरांसमोरून.
बाई म्हणाल्या : सदर मिळकतीलगत.
मी टंकलं : चिंता.

मग पिवळा. मग लाल.
एक वाक्य तिच्या तोंडून निघालं होतं,
ते अब्दियासच्या हातात तसंच राहिलं,
गरम पातेलं कुठे ठेवावं कळू नये तसं.
अध्यक्ष म्हणाले, धन्यवाद, पुढची बाब.

नऊ दिवसांनी मी गेले तिकडे.
कार्यालयातर्फे नाही; रविवार होता.
कपडे धुण्याच्या खोलीत, गरम ड्रायरवर,
आमचा नकाशा पसरला.
आमच्या नकाशात ती साडेअकरा एकर 'रिक्त'.
बायका हसल्या. इतक्या, की मीही हसले, उशिरा.
मग शर्टांची बटणं ठेवत गेल्या एकेक :
शाळेची बस इथे थांबते.
जानेवारीत इथे गुडघाभर पाणी.
इथे तिबुर्सिओच्या मक्याच्या तीन ओळी,
बियाणं गावाकडचं, कालव्याचं पाणी चोरीचं
(हे लिहू नकोस. बरं, लिही.)
आणि इथे काहीच नाही,
इथे फक्त संध्याकाळी वारा लागतो.
बटण तिथेही ठेवलं.

एका मुलीनं विचारलं, आमचं घर कुठाय?
सगळी वस्ती म्हणजे एक करडा चौकोन होता, एक क्रमांक.
तिनं पेन्सिलीनं आत घरं काढायला घेतली.
एकसष्टाव्या घराला जागा संपली.

निघताना मी एउफ्रोसिनाला विचारलं,
ते शेवटचं वाक्य काय होतं?
ती चादरीची घडी घालत राहिली.
चार कोपरे जुळवले. मग म्हणाली,
आणि अब्दियासनं या वेळी सावकाश, शब्दाला शब्द दिला :
तुला नाही सांगणार. तिथे सांगेन.

म्हणून दुरुस्ती अशी.
बाब सात, 'चिंता' हा शब्द वगळावा.
त्याजागी : एक वाक्य वक्त्याकडे शिल्लक.
पुढील सभा धुण्याच्या खोलीत, पाळी सुटल्यावर घ्यावी;
भाषांतराचा वेळ बोलणाऱ्याच्या वेळेतून कापू नये.
सूचक : लिपिक, जिला मताधिकार नाही.
अनुमोदक :

अध्यक्ष माझ्याकडे चष्म्यावरून बघताहेत.
मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.
तोही लिहून घेते.